चौथा दिवा

आमच्या घरात वायफायचा पासवर्ड तीन प्याले चहा प्यायल्याशिवाय मिळत नाही. हा माझा नियम. पूर्वी पाहुणा दारात आला की पाठीवरचं ओझं उतरवून आधी सलाम करायचा, मग घोडीचं नाव विचारायचा. छतावर तबकडी बसवून नेट आलं आणि सलामाच्या आधी पासवर्ड सुरू झाला. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. बसा म्हणते, चहा प्या. आम्ही चहा प्याला भरून ओतत नाही, अर्ध्याहूनही कमी ओततो, म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा आणि बसून राहावं. बिचारे तोंड भाजत घोट घेतात आणि प्याला पुढे करतात. तिसऱ्या प्याल्याला मी चिठ्ठी देते.

दुसरा नियम त्याहून कडक होता. दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरून त्यावर रोटी मांडली की राउटरची तार भिंतीतून काढायची, आणि जेवण संपून, दुवा मागून हात तोंडावरून फिरवल्याशिवाय ती परत लावायची नाही. पहिल्या दिवशी पाहुण्यांचे चेहरे दूध तोडलेल्या वासरासारखे होत. दुसऱ्या दिवशी एकमेकांची नावं विचारत, तिसऱ्या दिवशी गाणी म्हणत. एका बाईने इंटरनेटवर लिहिलं होतं की घर छान, जेवण छान, पण मालकीण हुकूमशहा आहे. माझ्या मुलाने, सामातने, ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी खूश झाले. आमच्या खोऱ्यात ‘तार काढणारी बुरुल’ म्हटलं की लोक माझंच घर दाखवायचे. त्याचा मला गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली असतं हे कानावरून शंभर वेळा गेलेलं असूनही होता.

त्या बुधवारी सामात खिंडीवर होता. इस्टोनियाहून आलेल्या दोन बायकांना घेऊन तो पलीकडच्या खोऱ्यात निघाला होता. मोसमाची शेवटची फेरी, आणि त्याच्या आयुष्यातलीही शेवटची, कारण त्याने जुमादिलला तसा शब्द दिला होता. जुमादिल म्हणजे माझे होणारे व्याही, जिबेकचे वडील. घोडे पाळणारा माणूस, खालच्या गावचा. त्याचा सख्खा भाऊ त्याच खिंडीत बर्फाखाली गेला होता. त्याने सामातला तोंडावर सांगितलं होतं, "पोरा, जिबेक तुला देईन, पण खिंडीवर जाणाऱ्याला देणार नाही. घर सांभाळ, पाहुणे सांभाळ, डोंगर सोड." सामात हो म्हणाला. तरी ही फेरी आधीच ठरलेली होती, पैसे घेतलेले होते. आम्ही दोघांनी ठरवलं, गुपचूप उरकून टाकू. व्याही शुक्रवारी घर बघायला येणार, सामात गुरुवारी परत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या गावात मोबाइल लागत नाही, टॉवर डोंगराआड आहे. पण सामातकडे एक केशरी यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. एका पाहुण्याने जाताना स्वस्तात दिलेलं. डोंगरातून ते आकाशात निरोप पाठवायचं आणि तो माझ्या फोनवर उतरायचा, घरचं वायफाय चालू असलं तर. त्यात एकच नंबर भरलेला होता, माझा. सकाळी सहाला निरोप आला, "तळावरून निघालो. आकाश साफ. काळजी करू नकोस." अकराला खिंडीच्या माथ्यावरून दुसरा यायचा होता.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मी अंगणात येऊन वर पाहिलं तर खिंड दिसतच नव्हती. तिथे राखाडी ढग बसला होता. मनाला म्हटलं, हा ओंद्रेई सगळं नेट खातोय, म्हणून निरोप अडकलाय.

ओंद्रेई हा त्या दिवशीचा घरातला एकटा पाहुणा. चेक माणूस, पस्तिशीचा, लांब मानेचा. त्याने कचेरीत सांगितलं होतं की मी घरून काम करतोय, आणि काम करत होता माझ्या ओसरीवर बसून. कॅमेऱ्यात मागची भिंत दिसू नये म्हणून चादर टांगायचा. बाथरूमला जाताना सुद्धा फोनवर बोट हलवत राहायचा, नाहीतर म्हणे साहेबाला त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका दिसायचा नाही. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

मी त्याला म्हटलं, "ओंद्रेई, जरा ते बंद कर. माझ्या मुलाचा निरोप यायचाय."

आपा म्हणजे आमच्यात आई; सामातचं ऐकून पाहुणेही मला तेच म्हणायचे. तो मोडक्या रशियनमध्ये म्हणाला, "आपा, निरोप लहान असतो. माझ्यामुळे अडत नाही. आला असता तर आला असता."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं की वाईट, ते कळेना. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. जुमादिल आणि त्याची बायको सूराकान. शुक्रवारी यायचे ते बुधवारी येऊन उभे.

"विहीणबाई, शुक्रवारी घोड्यांचा बाजार निघाला," जुमादिल खाली उतरत म्हणाला. "म्हटलं आपलंच घर, कधीही जावं. जावई कुठाय?"

"शहरात, काराकोलला गेलाय," मी म्हटलं. "सामान आणायला." खोटं इतकं पटकन निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"मग येईल संध्याकाळपर्यंत. भेटूनच जाऊ. माझे दोन पुतणे अजून काळ्या तळ्याखाली तंबू ठोकून आहेत, घोडे उतरवायचेत. जाताना त्यांच्याकडेही जायचंय."

काळं तळं म्हणजे खिंडीच्या वाटेवर. तिथे दोन तगडी माणसं होती, घोडे होते, आणि हे मला दुपारचे बारा वाजायच्या आत कळलं होतं. तेव्हाच बोलले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की तो आता झिजला आहे. तेव्हा मात्र मला एकच दिसत होतं. खरं सांगितलं तर लग्न मोडणार, आणि सामातचं मन जिबेकवर जडलेलं. आणि कदाचित काही झालंच नसेल, ढग तर रोजच येतात. मी मूग गिळून गप्प बसले आणि मेंढी कापायला शेजाऱ्याला हाक मारली. मांस शिजायला वेळ लागणार होता, म्हणून व्याह्यांच्या मानाला आधी शेजारणीने तिच्याकडच्या कार्यासाठी शिजवून ठेवलेलं मेंढीचं डोकं मागून आणलं.

पावणेएक व्हायच्या आत दस्तरखान पसरलं. कणकेचे तळलेले बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरांबा, रोटी. सूराकान भिंतीवरचे गालिचे बघत होती, मोजत नव्हती असं दाखवत. फोन मी एप्रनच्या खिशात ठेवला होता. दर घटकेला तिथे हात जात होता. ओंद्रेईला मी दाराजवळची जागा दिली, तो लॅपटॉप खोलीत ठेवून आला, तोंड आंबट करून.

जुमादिलने मांडी घातली आणि मिस्कीलपणे इकडेतिकडे पाहिलं. "ती तार कुठाय? सगळं खोरं बोलतं, म्हणून बघायला आलोय. आमच्या घरी जेवताना सात माणसं आणि सात फोन. सूनबाई तर रोटीच्या तुकड्याचा आधी फोटो काढते, मग खाते."

"तू काय कमी आहेस?" सूराकान म्हणाली. "घोड्यांचे व्हिडिओ बघत रस्सा अंगावर कोण सांडतो?"

"म्हणून तर म्हणतोय, अशा घरात पोर द्यावी. काढा विहीणबाई, बघू दे."

मी उठले. राउटर मधल्या वाटेत, समोवारच्या बाजूच्या फळीवर. त्याचे चार हिरवे दिवे शांत जळत होते. मी तारेला हात लावला आणि हात तिथेच राहिला. आज नको, असं म्हटलं असतं तर जुमादिलने विचारलं असतं, का? कुणाचा निरोप यायचाय? तीन जणांचे डोळे माझ्या पाठीवर होते. ओंद्रेईचेही होते, आणि त्याला निरोपाचं माहीत होतं. तो काहीतरी बोलेल या भीतीने मी झटका दिला. दिवे विझले.

"वा," जुमादिल म्हणाला.

मग मी डोकं त्याच्यापुढे ठेवलं. तो मानाचा घास, घरातल्या सगळ्यात मोठ्या पाहुण्याचा. त्याने सुरी पुसली, बिस्मिल्ला म्हटलं आणि आधी कान कापला. कान आमच्यात घरच्या धाकट्याला देतात, त्याने मोठ्यांचं ऐकावं म्हणून. "हा जावयाचा," तो म्हणाला आणि कान एका बशीत बाजूला ठेवला. "ऐकलंन माझं. डोंगर सोडलान. असा पोरगा मिळत नाही."

मी बशीकडे बघू शकले नाही. चहा ओतताना थांबायचं राहिलं आणि प्याला काठोकाठ भरला. भरलेला प्याला म्हणजे आता निघा. सूराकानने भुवई उंचावली. मी घाईने तो स्वतःकडे ओढला आणि म्हटलं, "म्हातारी झाले." ती हसली. खिडकीतून दिसत होतं, ढग खिंडीवरून खाली उतरला होता, आता तळ्याच्या बाजूचा कडाही दिसत नव्हता.

बोलणी चालली होती. साखरपुड्याचे झुमके मुलीच्या कानात कधी घालायचे, किती माणसं यायची. मी हो म्हणत होते. त्या मधल्या एक तासात मी काय बोलले ते मला आठवत नाही, फक्त खिशातला फोन आठवतो, दगडासारखा गप्प. ओंद्रेई मध्येच उठून हात धुवायला गेला होता. मी लक्ष दिलं नाही.

आणि फोन थरथरला.

तार काढलेली असताना फोन थरथरू शकत नाही. पहिल्यांदा मला निरोपाची आठवण झालीच नाही, शपथेवर सांगते. आधी राग आला. माझ्या घरात, व्याह्यांसमोर, रोटी मांडलेली असताना त्या चेक माणसाने तार लावली. चहाची किटली उचलून मी मधल्या वाटेत गेले. ओंद्रेई फळीशी उकिडवा बसला होता, फोन छातीशी धरून. मी एका हाताने तार उपटली.

"लाज नाही वाटत?" मी दात आवळून पुटपुटले. "अर्धा तास दम निघत नाही?"

"आपा, साहेबाची मीटिंग," तो म्हणाला. मग माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, "पण तुमचाही फोन वाजला ना?"

मी फोन काढला. "आपा, दगड घसरले. घोडा गेला. माझा पाय दगडाखाली अडकलाय." वेळ, बारा बावन्न. मी तार काढून सात मिनिटं झाली होती तेव्हाचा. त्याच्या खाली एक गोल चक्र अर्धवट फिरून थांबलं होतं. त्याच्या मागून आलेले निरोप उतरत होते, आणि ते मी आत्ता माझ्या हाताने तोडले होते.

मी तार परत भिंतीत खुपसायला गेले, पण टोक भोकात जाईना. ओंद्रेईने माझ्या हातातून घेऊन लावली. पहिला दिवा लागला. खिंडीला चढायला दोन घळी आहेत, एकमेकींपासून दोन तासांच्या अंतरावर. कुठल्या घळीत, ते या निरोपात नव्हतं. दुसरा दिवा लागला. मी खाली फरशीवर बसले. आत जुमादिल काहीतरी गंमत सांगत होता आणि सूराकान हसत होती.

"चौथा लागला की नेट येतं," ओंद्रेई म्हणाला. "पाच मिनिटं. कधी जास्त." तो तिथेच माझ्या बाजूला बसला.

तिसरा दिवा लागला. चौथा लुकलुकायचा आणि विझायचा. मी त्याच्याकडे बघत होते. नमाजात सुद्धा मी इतकं एकाग्र होऊन कधी कुठे पाहिलं नाही. पाय अडकलाय म्हणाला. मोडलाय नाही म्हणाला, अडकलाय म्हणाला. एक तासापूर्वी. एका तासात माणूस किती थंड होतो?

"विहीणबाई, चहा पिकवायला गेलात काय?" जुमादिल दारात येऊन उभा राहिला. हातात सुरी, तिच्यावर मांसाचा तुकडा. त्याने मला खाली बसलेलं पाहिलं.

मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने तो लांब धरून वाचला, पुन्हा वाचला.

"तो काराकोलला गेलाय म्हणालात."

"खोटं बोलले."

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं ओरडेल, निघून जाईल. मला तेही चाललं असतं. त्याने सुरी फळीवर ठेवली आणि माझ्या बाजूला खाली बसला, त्या जाड अंगाने, गुडघे धरून. "कुठल्या घळीत?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. पुढचा निरोप यायचाय." मी दिव्याकडे बोट दाखवलं.

आम्ही तिघं फरशीवर बसून त्या दिव्याकडे बघत राहिलो. दिवा लुकलुकला, विझला, लुकलुकला. मला त्या प्लॅस्टिकच्या पेटीच्या पाया पडावंसं वाटत होतं. आणि तो लागला, आणि राहिला.

निरोप एकामागून एक पडले. "काळ्या तळ्याच्या वरच्या घळीत. बायका ठीक आहेत. माणसं पाठव." एक वाजून पाच. "आपा, मिळालं का?" एक वीस. "आपा, उत्तर दे. बर्फ पडतोय." एक पस्तीस. शेवटचा एक अठ्ठेचाळीसचा होता. त्यात एकच शब्द होता, "आपा?"

घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती.

जुमादिल उठला. "वरची घळ. पुतण्यांपासून तासभर," तो म्हणाला आणि टोपी शोधू लागला. सूराकान आतून म्हणाली, "अहो, हात न फिरवता उठताय? रोटी मांडलेली आहे." तो म्हणाला, "वाटेत फिरवीन. दोर कुठाय?" जीप चढावर ओरडत गेली. त्याच्या भावाला नेलेल्या डोंगराकडे तो गेला, मागे न बघता.

मी लिहिलं, "मिळालं. जुमादिल निघाले. दम धर." पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं. यंत्रातली बॅटरी संपली असेल, ओंद्रेई म्हणाला. दुसरं जे असू शकत होतं ते तो बोलला नाही. त्याची मीटिंग सुरू झाली होती, फोन कण्हत होता, त्याने तो बंद करून टाकला आणि चार तास तारेच्या खालीच बसून राहिला, कुणाचा पाय लागू नये म्हणून. सूराकान माझ्या शेजारी होती. तिने मला एक शब्द बोलून टोचलं नाही. एकदाच म्हणाली, "अगं, बारालाच सांगायचंस." बशीत तो कान सुकत पडला होता. मी फोन हातात धरून फक्त ‘आपा?’ वाचत होते. त्या शब्दात त्याने काय काय विचारलं होतं, मला एकेक कळत होतं.

उजेड असतानाच त्याला आणलं, घोड्यावर आडवा, दोन्ही इस्टोनियन बायकांच्या कोटांत गुंडाळलेला. त्या त्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारून बसल्या होत्या म्हणून तो उबेत राहिला. ओठ निळे होते, पण डोळे उघडे. मी त्याच्या तोंडाला हात लावला आणि रडले, सगळ्यांसमोर.

काराकोलच्या दवाखान्यात पाय वाचला, घोटा नाही वाचला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "आपा, नेट गेलं होतं का?"

"गेलं होतं," मी म्हटलं.

"वादळात जातंच." त्याने डोळे मिटले.

जुमादिल खिडकीपाशी उभा होता. त्याने ऐकलं आणि बाहेर बघत राहिला. यजमानाचं उणं तोंडावर काढणारा माणूस नाही तो. पोर दिली. म्हणाला, आता तर डोंगर आपोआपच सुटला.

मे महिन्यात लग्न झालं. जिबेक घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने स्वतः रोटी भाजली, नव्या सुनेचा पांढरा रुमाल बांधून दस्तरखान पसरलं, आम्हा दोघांना बसवलं. मग मधल्या वाटेत गेली. मला कळायच्या आत तिने तार काढली आणि हसत परत आली.

"आपा, बाबांनी मला बजावून सांगितलंय," ती म्हणाली. "घर बघायला आले त्या दिवशी तुम्ही त्यांच्या मानासाठी स्वतःच्या हाताने तार काढलीत. आमच्याकडे आल्या-गेल्याला सांगतात, असं घर खोऱ्यात नाही." जुमादिलने अर्धीच गोष्ट घरी नेली होती, माझा मान राखून.

सामातच्या हातात रोटी होती. तो मोडायचा थांबला.

"कुठल्या दिवशी?" त्याने विचारलं.

"घर बघायला आले त्या दिवशी. बुधवारी." मग तिला तो बुधवार आठवला.

सामातने माझ्याकडे पाहिलं नाही. तो फळीवरच्या विझलेल्या पेटीकडे बघत होता, आणि मला दिसत होतं की तो मोजतोय. मी मोजलं होतं तसंच, बारा बावन्नपासून.

तो उठला. लंगडत गेला, तार भिंतीत लावली आणि तिथेच उभा राहिला. पहिला, दुसरा, तिसरा. आम्ही दोघी खाली मान घालून बसलो होतो. चौथा स्थिर झाला तेव्हा तो परत येऊन बसला, दुखरा पाय बाजूला पसरून.

"ही तार काढायची नाही," तो जिबेकला हळू आवाजात म्हणाला. "आपाला निरोप येतात."

आणि रोटी मोडून पहिला तुकडा त्याने मला दिला. मला निरोप पाठवणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते माझ्यासमोर बसलं होतं.